पक्की यादी

परदेशीपुरा, इंदूर
सोमवार, १२ ऑगस्ट २००२

संघदीप,

तुझ्या आईला चार पानं आणि मला शेवटच्या कोपऱ्यात एक ओळ: "आजीला तब्येत सांभाळायला सांग." माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? आणि ती चार पानं कशावर, तर लीगवर. उषाला बास्केटबॉलचा बॉल गोल असतो की चौकोनी एवढंही ठाऊक नाही. पत्र घेऊन माझ्याकडे आली, "बाई, हे मतदान मतदान काय लिहिलंय, वॉर्डाची निवडणूक लागली का?" त्या लीगमध्ये मी टीम चालवते. बारांतली एक टीम माझी आहे. विचारायचं होतं तर मला विचारायचं होतंस. नाही विचारलंस. एका परीनं बरंच झालं, तेव्हा विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते.

असो. जयभीम. इकडे सगळे खाऊनपिऊन आहेत. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मिलच्या मागच्या जमिनीवर प्लॉट पाडायचे म्हणून चुन्याच्या रेघा मारून ठेवल्यात, रोज कोणीतरी सूट घालून येतं आणि रेघा बघून जातं. प्रीती पलासियाला कोचिंगमध्ये शिकवते तिथे तिला आता दोन बॅच दिल्या. घरात येऊन ती कोणाशी बोलत नाही, ते कशामुळे हे तुला, तिच्या भावाला, माहीत आहे.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. महूला आमचे बाबा पलटणीत होते तेव्हा तिसरीपर्यंत शाळेत गेले, तेवढ्यावर चाललंय. वेलांट्या चुकल्या तर सुधारून वाच, शिकलेला आहेस. एस.टी.डी.वरून बोलले असते, पण तो बूथवाला मीटरकडे बघतो आणि कान इकडे ठेवतो. हे त्याच्या कानावर घालण्यासारखं नाही.

आधी उषाला लीग समजावली ते सांगते. तुला वाटेल आजी मला काय शिकवते, पण वाच. मी तिला म्हटलं, मिलचं गेट बंद झालं तेव्हा वासुदेवराव, टाइम ऑफिसचे हजेरीबाबू, घरी बसून वेड्यासारखे झाले. तीस वर्षं लोकांची हजेरी घेतली, आता घ्यायची कोणाची? त्यांच्याकडे एक कोरं रजिस्टर राहिलं होतं. त्यात त्यांनी बास्केटबॉलची लीग मांडली. ग्राउंड नाही, बॉल नाही. बारा टीमा, नावं मिलच्या खात्यांची. खेळाडू कागदावरचे, कोणी मेलेला, कोणी जिवंत, कोणी मनानं रचलेला. प्रत्येक खेळाडूला एक नंबर. दोन फासे टाकायचे, बेरीज त्या नंबराएवढी किंवा वर आली की बास्केट. म्हणजे नंबर जितका लहान तितका खेळाडू भारी. भुसावळचा मारुती, महूचे दोघे, आणखी कुठले कुठले लोक पोस्टकार्डावर कळवतात की या रविवारी माझे हे पाच खेळतील. सुदामा नगरला वासुदेवरावांच्या घरी फासे पडतात, ते रजिस्टरात लिहितात, निकाल पोस्टानं जातात. कागदावरचा खेळाडू म्हातारा होतो, रिटायर होतो. त्यानंतर एका वर्षानं सगळ्या टीमवाल्यांनी मत द्यायचं की हा कायम लक्षात ठेवायचा की नाही. बाहेर देशांत याला हॉल ऑफ फेम म्हणतात म्हणे. आपल्यात पक्की यादी म्हणतात. मिलचे लोक. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं बदलीवर काढलेले, रोज सकाळी गेटवर उभं राहून कोणी आज आला नाही का ते बघणारे. पक्कं होण्याहून मोठा मान त्यांना ठाऊकच नाही.

उषानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे खोटंखोटं?"

"हो, खोटंखोटं."

"मग त्याच्यापायी पोरीचं लग्न का मोडतोय हा?"

पंचवीस वर्षं मी तिला बिनडोक म्हणत आले. पण हा सवाल बरोबर होता.

आता तुझं म्हणणं. तुझ्या टीममधला नथू, म्हणजे तुझ्या पप्पांच्या नावाचा खेळाडू, वर्षाला दोन असे बारा सीझन खेळला, लीगमध्ये सगळ्यांत जास्त पॉइंट त्याचे. मालकानं आपल्या खेळाडूला मत द्यायचं नाही असा नियम, म्हणून अकरा मतं. पक्का व्हायला नऊ लागतात. आठ पडली. महूच्या एकाचं कार्ड आलंच नाही, ते गेलं. मारुतीनं कधी कोणाला पक्कं केलं नाही, स्वतःच्या बापाला केलं नसतं, ते दुसरं. तिसरं कोणाचं? चिठ्ठ्या मोजल्या बुद्धरत्ननं, आपल्या होणाऱ्या जावयानं. तू त्याला लिहिलंस, चिठ्ठ्या पाठव. त्यानं कळवलं, फाडून टाकल्या. बस, तुझं ठरलं. सत्त्याण्णवच्या फायनलमध्ये त्याची टीम तुझ्या नथूच्या शेवटच्या शॉटवर हरली, त्याचा राग त्यानं काढला. आणि एकदा त्यानं तुला विचारलं होतं ना, "काका खरंच मिलच्या टीममध्ये मेन खेळायचे का रे?" तेही तू मनात धरून ठेवलंस. म्हणून आईला लिहिलंस: "माझ्या मेलेल्या बापाला लपून नाही म्हणणारा माणूस या घरचा जावई होणार नाही. साखरपुडा थांबवा."

उषानं थांबवला. एक सप्टेंबरची तारीख पन्नास घरांत सांगून झाली होती.

प्रीतीनं मला एवढंच म्हटलं, "आजी, पप्पा गेल्यावर माझी फी संघदीप भियानं शिकवण्या घेऊन भरली. मी त्याच्या मनाविरुद्ध जाणार नाही." आणि कणीक मळत बसली. अशी मळली की पोळ्या नव्हे, वहाणेचे तळवे झाले.

ती तिसरी चिठ्ठी माझी होती.

लिहिलं. आता तू पत्र खाली ठेवून खोलीत दोन फेऱ्या मार, मग पुढे वाच.

परवा याच पत्राचं एक पान लिहून फाडलं. त्यात लिहिलं होतं की चष्म्याचा नंबर वाढलाय, घाईत चुकीचं लिहिलं गेलं. मी कांडीखात्यात अठरा वर्षं कांड्या भरल्या. धागा तुटला तर बघायच्या आधी बोटाला कळायचं. माझा हात चुकून काही लिहीत नाही.

गुरुवारी बुद्धरत्न आला होता. उषा भाजी आणायला गेली ते बघूनच आला असणार. दारातच उभा.

मी म्हटलं, "आत ये, दारात उभा राहायला तू काय मीटर बघायला आलास?"

"आजी, एक बात करनी थी."

"कर."

"संघदीप भियाचं पत्र आलंय मला. शिव्या नाहीत, पण शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"नाही दिलं."

"का? बँकेत दिवसभर लोकांशी तोंड वाजवतोस ना? आपल्या वेळेला काय झालं?"

तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "त्या डब्यात 'नाही' लिहिलेली चिठ्ठी एकच होती, मारुतीभियाची. दुसरी होती तिच्यावर 'नको' होतं."

मी चहाचं आधण ठेवलं.

"लोक 'पक्का' लिहितात नाहीतर 'नाही' लिहितात. आठ वर्षांत 'नको' कोणी लिहिलं नाही, आजी. परका माणूस कशाला नको म्हणेल? त्याचं काय जातं? मी ती बघितली आणि सगळ्याच फाडल्या. एकटी ती फाडली असती तर शक आला असता."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हां."

"आणि तुझं लग्न मोडतंय तरी गप्प बसलास."

"तुम्ही सांगितलं तर वेगळं. मी कसं सांगू? भियाला काय सांगू, तुझ्या आजीनं?" आणि त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

मी त्याला चहा दिला. साखर घालायची विसरले, त्यानं तसाच प्यायला. असा मुलगा आहे. तुला परत सांगायची गरज नाही, तुझ्याबरोबर एका बाकावर दहा वर्षं बसलाय.

तर आता का, ते.

तुला फासे आठवतात? पहिल्या सीझनला तुझी आणि बुद्धरत्नची फाशांवरून मारामारी झाली, तेव्हापासून वासुदेवरावांनी नियम केला: ज्याची मॅच त्यानं खोलीत थांबायचं नाही, बाहेर ओट्यावर बसायचं. फासे टाकायला कोणाचंच काही लागत नाही असा हात पाहिजे. तेव्हा माझी टीम नव्हती, खांडव्याच्या माणसानं सोडली ती मला नंतर मिळाली. तू मला म्हणालास, आजी, तू चल. मी गेले. वासुदेवरावांची आई होती तेव्हा मी त्यांच्या मिलजवळच्या घरी हजेरीचं विचारायला गेले की ती पाणी वरून ओतायची, मी ओंजळीनं प्यायचे. आता त्यांच्या दिवाणावर पाय वर घेऊन बसले आणि त्यांनी फासे माझ्या हातात दिले. म्हणाले, "चंपाबाई, टाका आणि आकडा बोला. मी लिहितो."

ते लिहिताना मान वर करत नाहीत. टाइम ऑफिसची सवय. खिडकीतून कोण बोलतंय ते त्यांनी कधी बघितलं नाही, नाव ऐकलं की हजेरी लावली. म्हणायचे, माणूस आपल्या नावाशी खोटं बोलत नाही.

तू नथूला टीममध्ये घेतलंस. त्याला नंबर दिला वासुदेवरावांनी, नऊ. दोन फाशांची बेरीज नऊ येणं सोपं नसतं. तुला वाईट वाटलं होतं. तू म्हणालास, वासुदेवकाकांना माहीत नाही माझे पप्पा काय होते. त्यांना माहीत होतं. ते पुढे सांगते.

पहिल्या रविवारी फासे पडले, नथूचे दोन पॉइंट. बाहेर आले तर तू उठून उभा. "आजी, पप्पांनी किती टाकले?" मी म्हटलं दोन. दुसऱ्या रविवारी एकही नाही. तू विचारलंस, मी खरं सांगितलं.  येताना छावणीच्या चौकात मी पोहे घेतले, तू हात लावला नाहीस. पंधरा वर्षांचा घोडा, बाप जाऊन वर्ष झालेलं, आणि पोहे तसेच कागदावर थंड. मला तुझा राग आला होता. फाशांनी बाप काय परत येतो? हे बोलले पण असेन.

तिसऱ्या रविवारी नथूची पाळी आली. फासे पडले, चार आणि दोन. मी म्हटलं, "दहा."

वासुदेवरावांनी लिहिलं.

बस एवढंच.  पुढच्या वेळेला पाच आले, मी नऊ म्हटलं. मग सात आले, मी सात म्हटलं, सगळेच खोटे बोलायचे नव्हते. त्या दिवशी नथूचे चौदा झाले. तू ओट्यावरून उडी मारून आलास, आणि बुद्धरत्नच्या पाठीत गुद्दा घातलास.

नंतर ते चालत राहिलं. लोक कार्डावर लिहायचे, नऊ नंबरवाला इतके टाकतो, हात आहे या माणसाला. नियमाप्रमाणे ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर पुढच्या वर्षी एकानं कमी. नऊचा आठ झाला, आठाचा सात, साताचा सहा. सहा कोणाच्याही हातून पडतात. शेवटचे चार सीझन मी एकदाही खोटं बोलले नाही. गरजच राहिली नाही. तोपर्यंत तो खराच भारी झाला होता.

माझ्या कांडीखात्यासाठी एक आकडा वाढवून बोलले नाही, हे लिहून ठेव. माझ्या टीमचे फासे वासुदेवराव स्वतः टाकायचे आणि माझी टीम नऊदा शेवटून दुसरी आली.

सत्त्याण्णवची फायनल. एक पॉइंटचा फरक, शेवटचा शॉट नथूचा, नंबर तेव्हा आठ. फासे पडले, चार आणि एक. मी अकरा म्हटलं. आठ किंवा नऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तोंडातून अकरा गेलं. ती शील्ड रंगखात्याची आहे. बुद्धरत्नची. तुझ्या खोलीत कपाटावर आहे ती. गुरुवारी चहा पिऊन झाल्यावर हेही त्याला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नव्हतो, आजी." शील्ड मागितली नाही. मला बरं वाटेल असं काही बोलला नाही, ते मला आवडलं.

तू म्हणशील, एवढं केलंस तर मग मत द्यायला काय झालं? शेवटचं एक खोटं, तेही खोटं नव्हे, फक्त 'पक्का' लिहायचं होतं. तेच तर. चिठ्ठी घेऊन बसले, पेन उघडलं, आणि नथू आठवला. कागदावरचा नव्हे.

मिलमध्ये तुझे पप्पा चौदा वर्षं बदलीवर होते हे तुला माहीत आहे. मिलच्या टीममध्ये काय होते ते तुला कोणी सांगितलं नाही, कारण मी सांगू दिलं नाही. घरात तो टीमचा फोटो आहे, मागे मिलचा भोंगा, मध्ये सेठ, आणि एका टोकाला बॉल धरून नथू. तू लहानपणापासून म्हणत आलास, बॉल पप्पांच्या हातात आहे म्हणजे पप्पा कॅप्टन. बॉल त्याच्या हातात होता कारण तो धुऊन, हवा भरून, पिशवीत घालून आणायचं काम त्याचं होतं. तो टीममध्येही बदलीच होता. बेंचवर बसायचा. कोणाला लागलं-बिगलं तर उतरायचा.

ग्राउंड आपल्या चाळीपासून तीनशे पावलं. मॅचच्या दिवशी तो डबा घेताना विचारायचा, "आई, आज येतेस का?"

मी म्हणायचे, "खेळणार आहेस का?"

"बदलीवर आहे. कोणाला लागलं तर."

"मग कोणाला लागलं की बोलाव. बसलेला मुलगा मी घरी रोज बघते."

तो हसायचा. दर वेळेला हसायचा. मी म्हटलं होतं, ज्या दिवशी पक्का होशील त्या दिवशी येईन, कांडीखात्याची पाळी बुडवून येईन. ब्याऐंशीत मालकानं खेळाचा खर्च बंद केला, बास्केटचे खांब कापून भंगारात दिले. नथू सत्त्याऐंशीत पक्का झाला. मिलमध्ये. चार वर्षांनी गेटला कुलूप पडलं आणि आणखी दोन वर्षांनी काविळीनं तो गेला. मी एकदाही त्याला खेळताना बघितलं नाही, संघदीप. बसलेलाही बघायला गेले नाही.

मग तो कागदावर आला आणि मी त्याला आकडे वाटत सुटले. तुझ्यासाठी केलं असं मी मनाला सांगत होते. पोहे थंड झाले म्हणून. पण तू पुण्याला गेलास तरी मी बोलत राहिले, तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं.

चिठ्ठीवर 'पक्का' लिहिलं असतं तर त्याचं नाव वासुदेवरावांच्या भिंतीवर रंगानं लिहिलं गेलं असतं, पुढे पॉइंट, सगळे माझ्या तोंडचे. त्यानं जे चौदा वर्षं गेटवर उभं राहून घेतलं ते मी दिवाणावर बसून देणार होते. मला ते नको होतं. म्हणून तो शब्द गेला असेल. मी तर 'नाही' लिहायला बसले होते, काय लिहिलं ते बुद्धरत्ननं सांगितलं तेव्हा मला कळलं.

काल रविवारी सुदामा नगरला गेले आणि वासुदेवरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकताना पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, "कितीदा?"

"मोजलं नाही."

"कुठले कुठले?"

"फायनलचा सांगते. बाकी नाही सांगता येणार."

"चंपाबाई, तीस वर्षं मी खोटी हजेरी लावली नाही. मालकाच्या भावाची लावली नाही. आणि तुम्ही माझ्या हातानं आठ वर्षं..." त्यांनी रजिस्टर मिटलं. फासे डबीत टाकून डबी कपाटात ठेवली. मला म्हणाले, आता फासे तुमच्या हातात देणार नाही, टीमही दुसऱ्या कोणाला देऊ. मी म्हटलं, द्या. चांगल्याला द्या, माझ्या पोरांना वाईट सवयी नाहीत. ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते बाराही टीमांना कार्ड टाकणार आहेत, काय झालं ते लिहून, माझं नाव घालून. मी एवढंच मागितलं की कार्ड जायच्या आधी तुला माझ्याकडून कळू दे.

मी उठले तर त्यांनी थांबवलं. आतून एक फाटकी वही आणली, जुन्या खऱ्या मॅचेसची. तेव्हाही टेबलावर बसून पॉइंट लिहायला तेच असायचे. चष्मा लावून बराच वेळ शोधलं आणि वाचून दाखवलं: नथू, तीन मॅचमध्ये उतरला, एकूण अकरा मिनिटं, चार पॉइंट. मला म्हणाले, "हे मी कोणाच्या तोंडून ऐकून लिहिलेलं नाही. समोर बसून बघून लिहिलंय."

म्हणून त्यांनी नऊ नंबर दिला होता. बदलीला साजेसा. खरा.

तर तुझ्या पप्पांचे पॉइंट चार. दोन वेळा बॉल आत गेला. त्या दोन्ही वेळेला मी कांडीखात्यात होते किंवा घरी भाकऱ्या करत होते, मला ठाऊक नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

काल घरी येऊन प्रीतीला आणि उषाला सांगितलं. उषा रडली, ती कशालाही रडते. प्रीतीनं माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन मागच्या खोलीत गेली. आज सकाळी पण तसंच. तिचा हक्क आहे. तूही काही दिवस बोलू नकोस वाटलं तर, माझं काही अडत नाही. पण माझ्यावरचा राग त्या पोरावर काढू नको. त्यानं मत 'पक्का' दिलं होतं. ज्याच्याकडून तो फायनल हरला त्यालाच त्यानं पक्का केला, आणि तेही ठाऊक असून की काका बेंचवर बसायचे. तुला एकदा विचारलं, त्यानंतर त्याच्या बापानं त्याला खरं सांगितलं होतं. तुला आठ वर्षांत एकदाही बोलला नाही.

एक सप्टेंबर रविवारच आहे. हॉल सोडलेला नाही, मी सोडू दिला नाही, उषाला वाटतं सोडला. तू शुक्रवारच्या गाडीनं निघ. शील्ड पिशवीत घालून आण, कोणाला दाखवत बसू नको, त्याच्या हातात दे. भाषण करू नको, तुला ते जमत नाही.

उत्तर बुद्धरत्नला लिही. पहिल्यांदा त्यालाच, स्वतःच्या हातानं, कार्डावर नाही, पाकिटात. आईकडून निरोप पाठवायचा नाही, प्रीतीला मध्ये घालायचं नाही, फोन करायचा नाही. त्याचं उत्तर तुला आलं की मग मला लिहायचं की नाही ते तू ठरव. त्याच्या आधी मला लिहिलंस तर मी पत्र उघडणार नाही, तसंच परत पाठवीन.

नथूची आई
चंपा